खड्ड्यातून

मी मोजाड. भगूरचा.
बावीस वर्षं रेंजवर काढली, पण बंदुकीच्या त्या टोकाला नाही.
या टोकाला. टारगेटच्या खाली, खड्ड्यात.
डब्यात खळ, खिशात कागदाच्या चकत्या,
काळ्या गोलासाठी काळ्या, बाकीच्यासाठी पांढऱ्या.

डोक्यावरून आधी फटका जातो
आसूड ओढल्यासारखा.
मग बंदुकीचा आवाज येतो, मागून, दमलेला,
लागली का, लागली का, विचारत.
तोवर कागदाला भोक पडून गेलेलं असतं.

नव्या पोरांना वाटतं गोळी सरळ जाते.
नळी सुटली की त्याच क्षणाला ती पडायला लागते.
सुभेदार बाबर सांगायचे,
सपाट रानात या हातानं खडा सोड
आणि त्याच उंचीवरून आडवी गोळी मार,
दोघं बरोबरच मातीला टेकतील.
एक तुझ्या बुटापाशी,
एक पार लोहशिंगव्याच्या शिवारात.
पोरं हसायची.
मी खालून बघत होतो, मला हसू आलं नाही.

शंभरावर जुळवलेली रायफल
दोनशेवर अर्धी वीत खाली मारते.
तीनशेवर जवळजवळ दोन विती.
मी हे घरी सांगितलं तेव्हा
भाकरी थापता थापता सिंधू म्हणाली,
म्हणजे व्याजावर व्याज.
सुभेदारांना फळ्यावर इतकं नेमकं जमलं नव्हतं.

म्हणून नळी जरा वर बघते,
डोळ्याला कळणार नाही इतकीच.
गोळी नजरेच्या रेषेला खालून छेदून वर चढते,
मग उतरताना पुन्हा भेटते तिला.
दोनच भेटी. दुसरीचं अंतर ठरवायचं,
याला जुळवणी म्हणतात.

जानेवारीत निफाडचा पारा उतरला
की इकडेही हवा जड.
तीच रायफल, तोच माणूस, दोन बोटं खाली.
मे महिन्यात तीच दोन बोटं परत.
आणि वारा!
बंदुकीपाशी झेंडा ताठ, त्र्यंबकच्या अंगानं आलेला,
माझ्यापाशी झेंडा काठीला चिकटून झोपलेला.
मधल्या वाऱ्याला झेंडा नसतो,
नुसतं कुसळीचं गवत असतं.

ते गवत वाचणारी एकच बाई पाहिली, कॅप्टन कुट्टी.
पडून राहायची, पडून राहायची,
खड्ड्यात आमची मान अवघडायची.
मग पाच गोळ्या. तीन चकत्यांत भागायचं.

बाकी मला माणसं भोकांवरूनच माहीत.
पाचही मुठीएवढ्या जागेत, पण गोलाबाहेर डावीकडे:
पोरगं चांगलं आहे, साइट फिरवा.
एक इथं, एक तिथं, एक शेजाऱ्याच्या टारगेटवर:
पत्र आलं असणार घरून.

शेवटच्या दिवशी मला म्हणाले, मोजाड, आज तुम्ही मारा.
पाच गोळ्या दिल्या.
पहिल्यांदा त्या टोकाला पालथा पडलो.
तीनशे मीटरवर गोल
म्हणजे मोहरीचा दाणा. इतकं लहान
मी बावीस वर्षं चिकटवत होतो?

सगळं येत होतं. चढणं, उतरणं, वारा, विती.
फक्त माझ्या छातीत एक ठोका आहे
आणि तो रायफलीला कळतो,
हे खड्ड्यातून कधी दिसलं नव्हतं.

मारल्या.
पलीकडून नव्या पोरानं काठी हलवली,
खाली, खाली, खाली, बाहेर,
आणि पाचवीला बराच वेळ काहीच नाही.

मग मी चालत निघालो.
गोळीला पापणी लवायला लागते तेवढा वेळ,
मला पाच मिनिटं लागली, गुडघा धरून.
पोचलो तेव्हा टारगेट खाली ओढलेलं होतं,
पोरानं माझी भोकं आधीच बुजवलेली.
चार चकत्या. मी मोजल्या.

बोट लावून बघितलं.
खळ अजून ओली होती.